स्प्रे रोज मारूनही केस का तुटत होते? हीट प्रोटेक्शनच्या चुकलेल्या क्रमाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवलीतल्या एका पार्लरमधले हे प्रकरण आहे. ग्राहक २९ वर्षांची, ठाण्याला एका बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करणारी. तिला इथे स्वाती म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

केस कमरेच्या थोडे वर, जाड आणि मुळात लाटदार. दीड वर्षापूर्वी स्मूदनिंग, म्हणजे रसायनाने केस सरळ करून घेतलेले, त्यानंतर दोनदा चॉकलेटी ग्लोबल कलर, म्हणजे सगळ्या केसांना एकच रंग. स्मूदनिंगनंतर वाढलेले जवळजवळ २० सेंटिमीटर केस पुन्हा लाटदार आणि त्याखालचे सरळ, त्यामुळे कानाच्या खाली केसांचा पोत एकदम बदललेला दिसे. तो फरक झाकायला ती आठवड्यातले सहा दिवस स्ट्रेटनर फिरवत होती.

सकाळचा क्रम ठरलेला होता. एक दिवसाआड सव्वासहाला डोक्यावरून अंघोळ, डोक्याला टॉवेल गुंडाळून डबा भरणे, पाचेक मिनिटे ड्रायर, मग केसांवर हीट प्रोटेक्शन स्प्रे आणि लगेच स्ट्रेटनर. पावणेआठला घर सोडायचे. ज्या दिवशी केस धुतलेले नसत त्या दिवशीही स्प्रे आणि पाठोपाठ स्ट्रेटनर हे दोन्ही होतेच. स्प्रे तिने एकही दिवस चुकवला नव्हता. प्रकरण लिहून काढण्याजोगे वाटले ते याच कारणाने. संरक्षणाची वस्तू नेमाने वापरणाऱ्या व्यक्तीचे केस भाजले होते, आणि भाजण्यात त्याच वस्तूचा हात होता.

तक्रार आणि पहिली तपासणी

मार्चच्या सुरुवातीला ती आली ती "केस फार गळतात" ही तक्रार घेऊन. मेच्या मध्यावर धाकट्या बहिणीचे लग्न होते आणि रिसेप्शनला तिला मोकळ्या केसांचे कर्ल्स हवे होते. तोवर १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या तीन महिने घेऊन झाल्या होत्या, कांद्याचे तेल लावून झाले होते. फरक काहीच नव्हता.

गळणे आणि तुटणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि पार्लरमध्ये पहिल्या पाच मिनिटांत त्या वेगळ्या करता येतात. खांद्यावर काळी ओढणी टाकायची, जाड दातांच्या कंगव्याने केस टोकाकडून वर असे विंचरायचे आणि पडलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवायचे. मुळापासून गळालेला केस पूर्ण लांबीचा असतो आणि त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा कंद दिसतो. तुटलेल्या केसाला कंद नसतो आणि तुकडे वेगवेगळ्या लांबीचे असतात. स्वातीच्या कागदावर पूर्ण लांबीचे केस मोजकेच होते. बाकी सगळे दोन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे, चाळीसच्या आसपास. उरलेल्या केसांवर उजेडात बारीक पांढरे ठिपके दिसत होते. असा केस दोन्ही बाजूंनी धरून हलका ताण दिला की तो नेमका ठिपक्यावर तुटत होता.

म्हणजे मुळांची तक्रार नव्हती, दांड्याची होती. तरीही पार्लरच्या ताईंनी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले. केसांचा दांडा का तुटतो याची कारणे उष्णतेपलीकडेही असू शकतात आणि ती ठरवणे पार्लरचे काम नाही. डॉक्टरांनी बायोटिन आधी बंद करायला लावले आणि काही दिवस जाऊ दिल्यावर थायरॉइडची चाचणी केली. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे काही हॉर्मोन चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात, ही गोष्ट गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांना कोणी सांगतच नाही. अहवाल ठीक आले. कामाची माहिती दुसरीकडून मिळाली: तुटके केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दांड्याच्या आत बुडबुडे दिसले.

बुडबुडे कुठून आले

केसात बुडबुडा होण्याची एक ठरलेली रीत आहे. केसात पाणी असताना त्याला जोराची उष्णता लागली की आतल्या बारीक पोकळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते. बाहेर पडायला वाट नसते, आणि त्याच वेळी उष्णतेने मऊ झालेले केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, त्या वाफेने फुगते. थंड झाल्यावर पोकळी तशीच राहते. त्या जागी दांडा आतून स्पंजासारखा होतो आणि कंगवा फिरला की तिथेच मोडतो. ओल्या केसांवर १२५ अंश सेल्सिअसचा टाँग (कर्ल्स करायची तापती नळी) मिनिटभर धरला तरी बुडबुडे येऊ शकतात. कोरड्या केसात केराटिनची घडण साधारण २२० अंशांच्या पुढे कोसळते, पाण्याने भरलेल्या केसात ती १५० अंशांच्या आसपासच ढासळू लागते. कलर केलेल्या केसांचे बाहेरचे आवरण आधीच उचकटलेले असल्याने ते पाणी लवकर पितात.

मग स्वातीच्या केसात पाणी कुठून येत होते? धुतलेल्या दिवसांचे उत्तर सोपे होते: एवढ्या जाड आणि लांब केसांना पाच मिनिटांचा ड्रायर पुरत नाही. वरून कोरडे लागतात, पण बट मधोमध चिमटीत धरली तर गार आणि ओलसर लागते. न धुतलेल्या दिवसांचे काय, हा खरा प्रश्न होता.

दुसऱ्या भेटीत ताईंनी तिला घरचा स्प्रे आणि स्ट्रेटनर घेऊन बोलावले आणि रोज करते तसेच करून दाखवायला सांगितले. न काही सांगता, नुसते बघायचे. स्वातीने भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि चेहऱ्यालगत दहाएक वेळा स्प्रे मारला, हाताने दोनदा दाबून पसरवला आणि समोरची डावी बट उचलून स्ट्रेटनर लावला. चर्रर्र आवाज आला, वाफ निघाली.

"हा आवाज रोज येतो?" ताईंनी विचारले.

"हो ताई. आवाज आला की कळतं ना, स्प्रे काम करतोय."

असे मानणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. तो आवाज पाणी उकळण्याचा असतो, आणि ते पाणी केसावर तसे केसातही असते.

मग बाटली बघितली. लेबलवर घटक उतरत्या प्रमाणात दिलेले असतात, तेव्हा पहिले दोन-तीन शब्द वाचले तरी पुरते. या स्प्रेचा पहिला घटक पाणी होता. पुढे अमोडायमेथिकोन हे सिलिकोन, थर धरणारे एक पॉलिमर आणि हायड्रोलाइज्ड गव्हाचे प्रथिन. उत्पादनात काही खोट नव्हती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते की टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांवर लावा आणि मग वाळवा. पुढच्या बाजूला मात्र मोठ्या अक्षरात "२३० अंशांपर्यंत संरक्षण". लक्षात तेवढेच राहिले होते.

बाटलीला बोटाने दाबायचा बारीक पंप नव्हता, घोडा दाबायचा ट्रिगर होता. बारीक पंपातून एका दाबाला साधारण पाव मिलिलिटरपेक्षाही कमी येते. ट्रिगरमधून जवळजवळ एक मिलिलिटर येते. ताईंनी स्प्रे मारण्याआधी आणि नंतर बाटली छोट्या वजनकाट्यावर ठेवली: ९ ग्रॅम गेले होते. चहाचे जवळजवळ दोन चमचे पाणी, तेही फक्त वरच्या थरावर आणि चेहऱ्यालगत. मानेकडच्या आतल्या केसांवर स्प्रे पोचतही नव्हता.

तुटीचा नकाशा याच्याशी जुळत होता. केस थराथरांनी उचलून पाहिले तर वरच्या थरात आणि कानशिलांजवळ तुकडे जास्त, मानेवरच्या आतल्या थरात कमी. स्प्रे जिथे भरपूर तिथे नुकसान भरपूर, स्प्रे जिथे नाही तिथे केस बरे. केवळ यावरून स्प्रेवर बोट ठेवणे मात्र घाईचे झाले असते. वरचा थर उन्हात जास्त असतो, त्यावर स्ट्रेटनर जास्त वेळा फिरतो, कलरही तिथे नीट बसवलेला असतो. नुसती कोरडी उष्णता असती तरी नकाशा थोडाफार असाच निघाला असता. दोन्हींतला फरक बुडबुड्यांनी दाखवला. ते पाण्याशिवाय होत नाहीत.

स्प्रे नेमके काय करतो, काय करत नाही

हीट प्रोटेक्शन स्प्रेमधली सिलिकोन आणि पॉलिमर केसावर पातळ थर धरतात. सिलिकोन उष्णता सावकाश पुढे जाऊ देते, त्यामुळे केस एकदम न तापता थोडा हळू आणि जास्त एकसारखा तापतो. दुसरा फायदा माझ्या मते तितकाच मोठा आहे: स्ट्रेटनरची प्लेट अडखळत नाही, बट ओढली जात नाही, आणि एका फेरीत काम होत असल्याने दुसरी-तिसरी फेरी वाचते. पण थर तयार व्हायला आधी त्यातले पाणी किंवा अल्कोहोल उडून जावे लागते. ओला स्प्रे हा अजून थर झालेलाच नसतो.

बाटलीवरचे २३० हे ढालीचे माप नाही. त्या तापमानाला काही प्रमाणात नुकसान कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. २३० अंशांना केस स्प्रेसकटही भाजतो, जरा कमी भाजतो.

या तपासणीत मशीनचे तापमानही मोजले. स्वातीच्या स्ट्रेटनरवर १ ते ५ अशा पायऱ्या होत्या, अंश लिहिलेले नव्हते, आणि ती नेहमी ५ वर ठेवायची. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूच्या प्लेटवर खूप कमी आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नये. मल्टिमीटरला जोडायच्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार दोन प्लेटांमध्ये दाबून वाचन घेतले: पायरी ५ ला २१८, पायरी ३ ला १८४, पायरी २ ला १६५ च्या आसपास. शिवाय दिवा स्थिर झाल्याबरोबर पहिली काही सेकंद तापमान ठरल्यापेक्षा वर जाऊन मग खाली बसत होते. रोज पहिली बट समोरची डावी असल्याने सगळ्यांत तापलेली प्लेट रोज तिलाच लागत होती, आणि डाव्या कानशिलाचे केस उजव्यापेक्षा आखूड का दिसतात याचे उत्तर तिथे होते.

कोणते पर्याय होते

स्वातीच्या मनात पहिला पर्याय महागड्या स्प्रेचा होता. क्रम तोच राहणार असेल तर बाटली बदलून काहीच साधणार नव्हते, तेव्हा तो लगेच मागे पडला.

दुसरा पर्याय तिच्या मैत्रिणीने सुचवलेला: केराटिन ट्रीटमेंट, म्हणजे लग्नापर्यंत केस गुळगुळीत दिसतील. दिसले असते, यात शंका नाही. पण त्या ट्रीटमेंटमध्ये प्रत्येक बटेवर खूप तापलेला स्ट्रेटनर अनेकदा फिरवावा लागतो, आणि आतून पोकळ झालेले केस त्यात जागीच मोडले असते. काही द्रावणांमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटते. ग्लायऑक्झिलिक अॅसिड असलेल्या सरळीकरणानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे इस्रायल आणि फ्रान्समध्ये नोंदली गेली आहेत. पार्लरला या कामाचे चांगले पैसे मिळाले असते. ताईंनी ते नाकारले.

तिसरा, उष्णता पूर्ण बंद. केसांसाठी सर्वांत चांगला. पण दोन पोतांचे केस घेऊन रोज काउंटरवर बसायला स्वाती तयार नव्हती, आणि तोंडदेखले हो म्हणून घरी स्ट्रेटनर चालू ठेवणाऱ्या ग्राहकाला हा सल्ला देण्यात अर्थ नसतो. बंद केल्याचे सांगून चोरून ५ व्या पायरीवर फिरवण्यापेक्षा उघडपणे दुसऱ्या पायरीवर फिरवलेले बरे.

बाँड जोडणाऱ्या उत्पादनांचा विचार झाला. केसातले तुटलेले रासायनिक बंध काही अंशी सांधायला त्यांची मदत होते, पण झालेला बुडबुडा कुठल्याच बाटलीने बुजत नाही. म्हणून तो खर्च नंतरसाठी ठेवला.

उरला मिश्र पर्याय: कापणे, उष्णता कमी करणे आणि तिचा क्रम बदलणे. यात अडले ते किती कापायचे यावर. ताईंचे मत १२ सेंटिमीटरचे होते. स्वातीच्या आईने सोबत येऊन सांगितले, लग्नाच्या तोंडावर केस आखूड नकोत, अंबाडा कशाचा घालणार? शेवटी ७ सेंटिमीटरवर ठरले.

प्रत्यक्ष काय केले

सर्वांत मोठा बदल न्हाण्याच्या वेळेत झाला. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी केस धुवायचे, सकाळी नाही. यात सकाळची घाई गेली आणि केसांना पूर्ण वाळायला रात्र मिळाली. केस जाड टॉवेलने चोळण्याऐवजी जुन्या सुती पंचाने टिपायचे.

पहिल्या धुण्याला पार्लरमध्ये क्लॅरिफाइंग शॅम्पू वापरला, कारण महिनोन्महिने साचलेल्या सिलिकोनचा चिकट थर होता आणि त्यावर नवा थर नीट बसत नाही. तो एकदाच. कलर केलेल्या केसांवर तो वारंवार वापरू नये.

स्प्रे तोच ठेवला, जागा बदलली. तिला लिहून दिलेला क्रम असा होता:

पंचाने टिपून केसांतून पाणी निथळणे थांबले की चार भाग करा, मानेवरचे दोन आणि वरचे दोन. स्प्रे बारीक पंपाच्या बाटलीत काढून घ्या. बाटली १५ ते २० सेंटिमीटर लांब धरून प्रत्येक भागाला कानाच्या पातळीपासून टोकापर्यंत चार दाब, निम्मे वरच्या बाजूने, निम्मे बट उचलून खालच्या बाजूने. टाळूवर मारू नका, मुळे चिकट होतात. जाड दातांचा कंगवा फिरवून पसरवा. ड्रायर मध्यम उष्णतेवर, १५ सेंटिमीटर लांबून आणि सतत हलता ठेवून केस बहुतेक वाळवा, उरलेले पंख्याखाली.

सकाळी स्ट्रेटनर लावण्याआधी टिश्यूची कसोटी: बट टिश्यू पेपरात दुमडून दहा सेकंद घट्ट दाबायची. कागदावर ओलसर डाग आला तर स्ट्रेटनर लावायचा नाही. मेमध्ये हा कागद फार उपयोगी पडला. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर बंद न्हाणीघरातल्या वाफेने आणि मग घामाने मुळांजवळचे केस पुन्हा ओले होतात, आणि आपण कालच वाळवले या भरवशावर मशीन लावले जाते.

न धुतलेल्या सकाळी पाण्याचा स्प्रे नाही. रात्री बसलेला थर पुढच्या धुण्यापर्यंत बराचसा टिकतो. केस फार रुक्ष वाटले तर डायमेथिकोन हे सिलिकोन पहिल्या घटकांत असलेले सेरम, दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना, आणि दोन मिनिटे थांबून मग मशीन. अल्कोहोल पहिला घटक असलेला स्प्रे कोरड्या केसांवर चालतो आणि लवकर उडतो, पण तो तापलेल्या स्ट्रेटनरजवळ, गॅसपाशी किंवा देवघरातल्या दिव्याजवळ मारू नये. पेट घेतो.

स्ट्रेटनर पायरी २ वर. दिवा स्थिर झाल्यावर एक मिनिट थांबायचे आणि सुरुवात मानेवरच्या आतल्या केसांपासून करायची, समोरच्या बटा शेवटी. बट तीन सेंटिमीटर रुंद आणि एवढी पातळ की पलीकडचा कंगवा दिसावा. पुढे कंगवा, मागे प्लेट, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या चालीने, कुठेही न थांबता, एकच फेरी. बट थंड होईपर्यंत विंचरायची नाही: आकार केस थंड होताना धरतो. आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस पूर्ण केस, बाकी दिवशी वेणी किंवा क्लचर.

मध्ये काय बिघडले

तिसऱ्या आठवड्यात फोन आला: मशीनमधून धूर आणि जळका वास. रविवारी संध्याकाळी न्हाणे चुकले होते, आदल्या रात्री आईने डोक्याला खोबरेल लावले होते आणि सोमवारी त्याच केसांवर स्ट्रेटनर फिरला. खोबरेल केसात मुरते आणि धुण्याआधी लावले तर धुताना प्रथिने कमी जातात, हा त्याचा उत्तम गुण. उष्णतेपासून बचाव म्हणून मात्र ते चालत नाही. तेलाचा ओला थर प्लेटवर तापतो, धूर धरतो आणि जळून चिकट तपकिरी पापुद्रा होतो. तो पुढे प्रत्येक बटेला ओढतो. प्लेट पूर्ण थंड करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसून काढल्या. पुढे तेल बुधवारी आणि रविवारी दुपारी, धुण्याआधी दोन तास, असे ठरले. आईचा हात डोक्यावर फिरणे थांबले नाही, वेळ फक्त बदलली.

जूनमध्ये दुसरी अडचण. पाऊस सुरू झाल्यावर १६५ अंशांवर केलेले केस डोंबिवली स्टेशनपर्यंतही सरळ राहिनात, आणि स्वाती गुपचूप पायरी ४ वर गेली. आठवडाभरात ओढणीवरचे तुकडे पुन्हा वाढले. पावसाळ्यात केस लवकर वळतात ते उष्णता कमी पडल्याने नव्हे. उष्णतेने बसवलेला आकार केसातल्या हायड्रोजन बंधांवर टिकतो आणि दमट हवेतली आर्द्रता तेच बंध सोडवते. आकार २१८ अंशांवर बसवला तरी दमट हवेत ते सुटतातच. जुलै-ऑगस्टसाठी अंबाडा आणि सागरवेणी यांच्यावर एकमत झाले. बँकेत कोणाची हरकत असण्याचे कारणच नव्हते.

लग्नाचा दिवस

मुहूर्ताला नऊवारीवर अंबाडा आणि मोगऱ्याचा गजरा, उष्णता शून्य. आईचे म्हणणे इथे खरे ठरले.

रिसेप्शनसाठी बाहेरची मेकअप आर्टिस्ट होती. तिला आधीच फोन करून तीन गोष्टी सांगितल्या: केस आदल्या दिवशी धुतलेले आणि पूर्ण कोरडे असतील, टाँग १७० च्या वर नको, आणि होल्ड स्प्रे कर्ल झाल्यानंतर मारा, आधी नको. शेवटची सूचना महत्त्वाची होती. घाईच्या दिवशी ओल्या हेअरस्प्रेवर लगेच टाँग लावणे म्हणजे तोच चर्रर्र आवाज आणि तेच बुडबुडे. ३२ मिलिमीटरच्या टाँगवर प्रत्येक बट आठ सेकंद, मग थंड होईपर्यंत क्लिपमध्ये गुंडाळून. कर्ल्स दोनेक तास नीट राहिले, मग जेवणाच्या पंगतीपर्यंत मेच्या उकाड्यात सैल झाले. वरचे अर्धे केस मागे घेऊन गजरा माळला आणि फोटो झाले.

परिणाम

सप्टेंबरच्या भेटीत काळ्या ओढणीची तीच परीक्षा पुन्हा घेतली. तुकडे सहा ते आठ. पांढरे ठिपके वरच्या थरात खूप कमी, नव्याने वाढलेल्या सात सेंटिमीटरमध्ये जवळजवळ नाहीत. डाव्या कानशिलाचे आखूड केस उजव्याच्या बरोबरीला येत होते.

सगळे सुधारले असे नाही. खालच्या १५ सेंटिमीटरमध्ये जुने बुडबुडे आणि फाटे तसेच आहेत, ते दर दोन महिन्यांनी थोडे थोडे कापूनच जातील. दोन पोतांमधला फरकही आहे. मूळचा लाटदार पोत पूर्ण वाढू द्यायचा की खांद्यापर्यंत कापून एकसारखे करायचे, हे स्वातीने अजून ठरवलेले नाही. खर्च पाहता कटिंग, शॅम्पू, सेरम आणि पंपाची बाटली मिळून केराटिन ट्रीटमेंटच्या तुलनेत फार थोडे पैसे गेले. डॉक्टरांची फी त्यात धरलेली नाही, आणि ती वाचवायचीही नव्हती.

काय वेगळे करता आले असते

घरचा स्प्रे आणि मशीन पहिल्याच भेटीला मागवायला हवे होते. फोनवर वेळ देतानाच "सोबत घेऊन या" म्हटले असते तर पंधरा दिवस वाचले असते. "स्प्रे वापरता का?" या प्रश्नाला हो असे उत्तर मिळाले की बहुतेक पार्लरमध्ये ती चौकशी संपते. त्यापुढचे तीन प्रश्न निदान करून देतात: स्प्रे केस ओले असताना मारता की कोरडे, मारल्यानंतर किती वेळाने मशीन लावता, आणि लावताना आवाज येतो का.

७ सेंटिमीटरची तडजोड लग्नापुरती बरोबर होती, पण लग्नानंतर लगेच, मेच्या अखेरीस, उरलेले ५ कापायचे असे तेव्हाच ठरवून तारीख द्यायला हवी होती. ती राहून गेली आणि पावसाळाभर जुनी टोके गुंता करत राहिली. त्या गुंत्याने काही चांगले केसही तोडले.

पावसाळ्याचा अंदाज मार्चमध्येच बांधता येत होता. कमी तापमानावरची केशरचना जूनमध्ये टिकणार नाही हे या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असते. तिला तेव्हाच सांगितले असते की पाऊस लागला की सरळ केसांचा नाद दोन महिने सोडायचा, तर पायरी ४ चा तो आठवडा टळला असता.

तेलाबद्दल सूचना लिहिताना घरातल्या सवयीही विचारून घ्यायला हव्यात. कागदावर "तेल लावून स्ट्रेटनर नको" हे वाक्य नव्हते, कारण असे कोणी करेल हे सुचलेच नव्हते. आता ताई देतात त्या कागदावर ते टिश्यूच्या कसोटीच्याही वर लिहिलेले असते, आणि शक्य असेल तेव्हा तो कागद ग्राहकाच्या आईच्याही हातात देतात.